निट्सचे आकडे आणि सोलापूरचं ऊन: येणाऱ्या फोनच्या पडद्यात खरं काय बदलणार

प्रश्न थोडक्यात असा: घर सोलापुरात, डाळिंबाची बाग सांगोल्याकडे, दिवसातले चार-पाच तास उन्हात. हातातल्या फोनचा पडदा दुपारी बारानंतर वाचता येत नाही. जाहिरातींत सहा हजार निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजळतेचं माप), घडी होणारे पडदे, काचेखाली लपवलेला कॅमेरा. आत्ता फोन घ्यावा, की वर्ष-दोन वर्षं थांबावं?

आधी उत्तर, मग कारणं. लपलेल्या कॅमेऱ्यासाठी थांबू नका. मायक्रोएलईडीसाठी, म्हणजे लाखो सूक्ष्म दिव्यांच्या पडद्यासाठी, तर मुळीच नको. घडीचा फोन बागेत नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. थांबण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत: परावर्तन कमी करणारी काच आणि तेवढ्याच उजेडाला कमी तापणारा पॅनल. दोन्ही आज महागड्या फोनांत आहेत, मधल्या किमतीत हळूहळू उतरतील. नेमक्या याच दोन गोष्टी जाहिरातीत सगळ्यात कमी दिसतात, कारण त्यांना मोठा आकडा जोडता येत नाही.

निट्सचं गणित आधी उलगडू. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या वनप्लस १२ वर ४,५०० निट्सचा आकडा होता. त्याच फोनची उन्हात सबंध पडद्यावर मिळणारी कमाल उजळता कंपनीच १,६०० सांगत होती. म्हणजे मोठा आकडा खोटा नाही, पण तो पडद्याच्या अगदी छोट्या तुकड्याचा आहे. एचडीआर व्हिडिओत काळ्या आभाळात एखादा फटाका फुटला की तेवढ्या ठिपक्याला क्षणभर मिळणारी ती चमक. ओएलईडी प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वीज सगळ्यांत वाटली जाते. चार ठिपकेच उजळायचे असतील तर प्रत्येकाला भरपूर, सगळा पडदा पांढरा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी. उन्हात तुम्ही उघडणार सातबारा, बाजारभाव, व्हॉट्सॲप, म्हणजे बहुतेक पांढराच पडदा. तेव्हा तुमच्या कामाचा आकडा ‘पीक’ नव्हे, ‘एचबीएम’ म्हणजे हाय ब्राइटनेस मोडचा. चांगल्या फोनांत तो साधारण हजार ते अठराशेच्या घरात असतो. पुढच्या फोनांवर आठ-दहा हजार लिहिलेलं दिसलं तरी आधी हा दुसरा आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल तर त्यावरून काय ते समजा.

आता काच. साध्या काचेच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत फिरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण बागेत उभं राहून हिशोब करा. पडद्यात उघडं आभाळ दिसतंय आणि त्याची उजळता ५,००० निट्स धरली, तर ४ टक्क्यांनी २०० निट्सचा पांढुरका थर अक्षरांवर कायम बसलेला असतो. ५०० निट्सच्या पडद्यावर पांढरा भाग ५०० अधिक २०० आणि काळा भाग नुसता २००, म्हणजे प्रमाण साडेतीनास एक. आरामात वाचायला साडेचारास एक तरी हवं. पडदा २,००० निट्सचा केला तर अकरास एक. पण काचेचं परावर्तनच ४ वरून १ टक्क्यावर आणलं तर थर ५० निट्सचा उरतो आणि तेच अकरास एक प्रमाण ५०० निट्सच्या पडद्यालाही मिळतं. चौपट उजळता वाढवण्याचं काम काचेवरचा लेप करतो. बॅटरी न खाता, फोन न तापवता.

याच हिशोबातून निघणारी, दुकानात कोणी न सांगणारी एक गोष्ट. पडद्यात आभाळापेक्षा जास्त वेळा दिसतो तो आपला शर्ट. भर उन्हातलं पांढरं कापड सुमारे २५,००० निट्स उजळतं. त्याचे ४ टक्के म्हणजे १,०००. पांढरी पैरण घालून उन्हात फोन पाहणारा माणूस हजार निट्सच्या पडद्यावर दोनास एक प्रमाण मिळवतो आणि फोनला दोष देतो. गडद रंगाचा शर्ट घाला किंवा फोन थोडा तिरपा करून झाडाचं प्रतिबिंब पडद्यात आणा, फरक लगेच दिसेल.

हा लेप फोनात ठळकपणे आला तो २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये, गोरिला आर्मर नावाच्या काचेवर. परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं, असा दावा होता. २०२५ च्या आयफोन १७ च्या काचेवरही चमक कमी करणारा लेप आहे. पुढच्या दोनेक वर्षांत तो मधल्या किमतीत यायला हवा, असा माझा अंदाज आहे. तो उशिरा उतरतोय याला कारण आहे. वेगवेगळ्या पदार्थांचे अतिशय पातळ थर निर्वात पेटीत एकावर एक चढवावे लागतात, त्यांची जाडी थोडी चुकली तरी पडद्यावर जांभळट-हिरवट झाक येते. शिवाय तेलकट बोट अशा काचेवर जास्त उठून दिसतं, कारण बोटाच्या तेलाने तेवढ्या जागेपुरता लेपाचा परिणाम बिघडतो. शेंगाचटणी खाऊन फोनला हात लावलात तर इंद्रधनुषी डाग दिसणारच. किंचित ओल्या मायक्रोफायबर कापडाने तो जातो. खिडकीची काच पुसायचं अमोनियाचं द्रावण मात्र वापरू नका, त्याने वरचा तेल-रोधक थर लवकर उतरतो.

आणि सगळ्यात मोठी चूक: असा फोन घेऊन त्याच दुकानात त्यावर टेम्पर ग्लास चढवून घेणं. टेम्पर ग्लासची वरची बाजू साधी काच असते, तिचं परावर्तन पुन्हा ४ टक्के. लेपाचे पैसे पाण्यात. ग्लास लावायचीच असेल तर परावर्तनरोधक लेप असलेलीच मागा आणि तपासून घ्या. तपासणी सोपी आहे. फोनचा पडदा बंद करून तो ट्यूबलाइटखाली धरा. साध्या काचेत ट्यूब लख्ख पांढरी दिसते, लेपाच्या काचेत मंद आणि जांभळट किंवा हिरवट. दोन्ही शेजारी धरले की शंका उरत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि सोलापूरकरांसाठी तो काचेइतकाच मोठा. ॲपल आपल्या फोनांसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, उन्हात धरलेल्या काळ्या काचेचं तर विचारूच नका. ओएलईडीतले सेंद्रिय थर, विशेषतः निळा, उष्णतेने लवकर झिजतात. म्हणून फोनमधला तापमापक ठरावीक पातळीच्या वर गेला की उजळता आपोआप कमी केली जाते. पहिली पाच मिनिटं लख्ख, दहाव्या मिनिटाला निम्मा, असा अनुभव येतो त्याचं कारण हे. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. तेव्हा आमच्या भागात ‘किती उजळतो’ यापेक्षा ‘किती वेळ उजळतो’ हा प्रश्न जास्त खरा.

इथे तीन सुधारणा कामाच्या आहेत, आणि त्यातल्या पहिल्या दोन आज प्रत्यक्षात आहेत. पहिली, पोलरायझर काढून टाकणं. ओएलईडी पॅनलवर आतली चमक दाबायला एक पोलरायझर पट्टी असते, आणि ती पॅनलचाच निम्म्याहून जास्त उजेड गिळते. तिच्या जागी रंगगाळणीचा थर थेट पॅनलच्या आवरणावर छापला तर तेवढाच उजेड कमी विजेत मिळतो. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी झेड फोल्ड ३ मध्ये हे केलं आणि वीज २५ टक्क्यांपर्यंत वाचते असं सांगितलं. घडीच्या फोनात ते आधी आलं, कारण तिथे जाडीही कमी करायची होती. साध्या सरळ फोनांत हा बदल पसरणं ही येत्या काळातली सगळ्यात उपयोगी घडामोड ठरेल.

दुसरी सुधारणा टँडम ओएलईडी: उजेड देणारे दोन थर एकावर एक. तेवढाच उजेड दोघांत वाटला जातो, प्रत्येक थरातून कमी प्रवाह जातो, झीज लक्षणीय कमी होते. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या आयपॅड प्रोमध्ये असा पॅनल आहे आणि तो सबंध पडद्यावर १,००० निट्स टिकवतो. टॅब्लेटच्या मानाने ही उजळता मोठी आहे. फोनात तो सर्रास यायला किंमत आड येते. थर दुप्पट म्हणजे कारखान्यातल्या पायऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक पायरीला माल वाया जाण्याची शक्यता वाढली.

तिसरी निळ्या रंगाची. लाल आणि हिरवे ठिपके फॉस्फोरेसंट पदार्थाचे असतात. त्यांत विजेचं प्रकाशात रूपांतर तत्त्वतः पूर्ण होऊ शकतं. निळा अजून जुन्या फ्लुओरेसंट पदार्थाचा, त्यात ही मर्यादा तत्त्वतः २५ टक्क्यांच्या आसपास. बाकीची ऊर्जा उष्णता होते. म्हणजे पांढरा पडदा तापवण्यात मोठा वाटा निळ्याचा. फॉस्फोरेसंट निळा बनवता येतो, पण तो टिकत नाही, ही वीसेक वर्षांची डोकेदुखी. एलजी डिस्प्लेने २०२५ च्या मे महिन्यात एका थरात जुना निळा आणि दुसऱ्यात नवा निळा अशी जोडी बसवून ती उत्पादनायोग्य झाल्याचं जाहीर केलं, वीज सुमारे १५ टक्के कमी. हा पॅनल तुमच्या खिशात कधी येईल याची तारीख छापणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण दिशा हीच.

एलटीपीओचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्यात पडदा सेकंदाला १२० वेळांपासून एकदापर्यंत ताजा होऊ शकतो, कारण त्यातले ऑक्साइड ट्रान्झिस्टर साठवलेला विद्युतभार फारसा गळू देत नाहीत. स्थिर चित्र असताना, घड्याळ दाखवणाऱ्या सदैव चालू पडद्यात, बॅटरी वाचते. उन्हातल्या वाचनाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दुकानात खात्री करायची तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय असते. ती चालू करून एक फोटो उघडा आणि हात लावू नका. आकडा ६० च्या खाली गेला तर बरं. गेला नाही तर शंका घ्या, पण काही फोनांत ही सोय पॅनलचा खरा वेग दाखवत नाही.

आता ज्यावर सगळ्यात जास्त गप्पा होतात ते बाह्यरूप. कॅमेरा काचेखाली लपवलेला पहिला विक्रीतला फोन झेडटीईचा ॲक्सन २० ५जी, २०२० साली. सॅमसंगने २०२१ पासून घडीच्या फोनात तो वापरला, ४ मेगापिक्सेलचा. आणि २०२५ च्या फोल्ड ७ मध्ये पुन्हा साधं भोक पाडून १० मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला. मोठी कंपनी एखादं तंत्र चार वर्षं वापरून मागे घेते, यात सगळं आलं. कॅमेऱ्याच्या वरचे ठिपके विरळ करावे लागतात, म्हणून तेवढी जागा पांढऱ्या पानावर जाळीसारखी दिसते. तरीही तारांच्या जाळ्यातून येणारा प्रकाश विखुरतो आणि फोटो धुक्यातल्यासारखा येतो. सॉफ्टवेअरने धुकं काढलं की चेहरा मेणाचा होतो. चेहरा ओळखणारे अवरक्त सेन्सर मात्र काचेखाली आधी जातील असं दिसतं, कारण त्यांना सुंदर चित्र काढायचं नसतं, ठिपक्यांचा नकाशा मोजायचा असतो. त्यामुळे येत्या फोनांत वरची काळी पट्टी लहान होत भोकावर येईल. भोक काही लगेच जाणार नाही.

कडा सगळीकडून सारख्या बारीक होतील, मधल्या किमतीतही. खालची हनुवटी जाड का असते तर कडक काचेच्या पॅनलमध्ये तारा आणि चिप तिथेच ठेवाव्या लागतात. लवचिक पॅनलची खालची पट्टी मागे दुमडता येते. हनुवटी बारीक, पॅनल लवचिक, एवढं सूत्र फोन ओळखायला पुरतं. वक्र कडांची फॅशन सॅमसंगच्या २०१५ च्या एस६ एजपासून रंगली होती, ती बहुतेक उतरली. बरंच झालं. वक्र काचेवर टेम्पर ग्लास नीट बसत नव्हती आणि उन्हात कडेवर चमकेची रेघ कायमची.

पातळपणाची शर्यत वेगळीच. २०२५ मध्ये सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिलिमीटर, आयफोन एअर ५.६ मिलिमीटर. हातात धरायला छान वाटतं. पण जाडी गेली की बॅटरी लहान होते आणि उष्णता पसरायला जागा उरत नाही. उन्हात काम करणाऱ्याने पातळ फोनला लांबूनच नमस्कार करावा.

घडीच्या फोनांबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढची काही वर्षं बाजारात गाजावाजा त्यांचाच असणार. (आपल्याकडे दुकानात ‘फोल्डर’ म्हणजे डिस्प्ले आणि टच यांचा जोड. ‘फोल्डर बदलायचाय’ म्हटलं की घडीचा फोन समजू नका.) आतली काच साधारण ३० मायक्रॉनची, केसापेक्षाही पातळ. काच वाकवताना तिच्यावर येणारा ताण म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. दीड मिलिमीटर त्रिज्येला ३० मायक्रॉनच्या काचेवर १ टक्का ताण येतो, तो ती सोसते. नेहमीची ०.६ मिलिमीटरची काच तशी वाकवली तर २० टक्के, म्हणजे चुरा. बिजागरीत थेंबाच्या आकाराची पोकळी ठेवून त्रिज्या वाढवली की ताण आणि सुरकुती दोन्ही कमी होतात. तरी सुरकुती पूर्ण जात नाही, कारण थरांमधला पारदर्शक गोंद दाबाखाली हळूहळू सरकतो. गाठोड्यात महिनोन्महिने ठेवलेल्या चादरीच्या घडीसारखं ते, आणि उष्णतेत गोंद आणखी लवकर सरकतो. उन्हाळ्यात बंद गाडीत घडी घालून ठेवलेला फोन लवकर सुरकुततो यात नवल नाही.

पण सोलापुरात खरी अडचण धुळीची. गॅलेक्सी झेड फोल्ड ६ आणि ७ यांचं धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन आयपी४८ (पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा). यातल्या ४ चा अर्थ १ मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही, एवढाच. रस्त्यावरची धूळ त्याच्या कितीतरी पट बारीक. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत तरंगणारी रुई तर आणखी वाईट. ती बिजागरीत अडकते, तेलकटपणा धरते आणि कण पकडून ठेवते. एखादा टोकदार कण पडद्याच्या मागे गेला की घडी मिटताना पॅनल आतून टोचला जातो आणि तिथून काळा डाग पसरतो. गूगलच्या २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ मिळालं, म्हणजे धूळबंद बिजागरी शक्य आहे. इतरांनी तेवढं केल्याशिवाय शेतात किंवा मागावर घडीचा फोन नको. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याने जरूर घ्यावा. घेतलात तर आतल्या पडद्यावरची कंपनीची फिल्म टेम्पर ग्लास समजून सोलू नका. २०१९ साली पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे परीक्षणासाठी दिलेले काही फोन नेमके तसेच बिघडले होते. घडीपाशी फिल्मला फुगे आले की सर्व्हिस सेंटरमधूनच बदलून घ्या.

मायक्रोएलईडीचा फक्त हिशोब सांगतो. १०८० बाय २४०० च्या पडद्यात सुमारे २६ लाख ठिपके, प्रत्येकी तीन रंग, म्हणजे ७८ लाखांच्या आसपास सूक्ष्म दिवे नेमके जागच्या जागी बसवायचे. दहा हजारांत एकच चुकला तरी पडद्यावर ७८० मेलेले ठिपके. २०२५ मध्ये गार्मिनने घड्याळात तो आणला, दीड इंचापेक्षा लहान पडदा, चार लाखांवर दिवे, आणि बॅटरी त्याच घड्याळाच्या अमोलेड (ओएलईडीचाच प्रकार) रूपापेक्षा खूपच कमी चालते. फोन अजून दूर आहे.

डोळ्यांचा मुद्दा राहिला. ओएलईडी कमी उजळतेला सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून मंद होतो. काही फोन २४० वेळा, काही ४८०, आणि अनेक चिनी कंपन्या १,९२० पासून ३,८४० पर्यंत. रात्री अंथरुणात फोन पाहून डोकं जड होणाऱ्यांना जास्त आकडा सोसतो. तपासायला उजळता एकदम कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर १/२००० ठेवून पाहा. जाड काळे पट्टे म्हणजे सावकाश उघडझाप, बारीक फिके पट्टे म्हणजे बरं.

बोटांच्या ठशाबद्दल एवढंच: फवारणी करून किंवा माती कालवून आलेल्या ओलसर बोटाला अल्ट्रासोनिक सेन्सर ऑप्टिकलपेक्षा चांगला ओळखतो. तो मधल्या किमतीत उतरतोय, शक्य असेल तर तोच घ्या.

दुरुस्तीचं मात्र खरेदीआधी विचारा. नव्या पॅनलचा अस्सल फोल्डर महाग असतो आणि दुकानदार स्वस्तातला एलसीडी कॉपी पुढे करतो. तो बसवला की काचेखालचा ठसा सेन्सर बंद पडतो, कारण एलसीडीच्या मागच्या उजेडपट्टीतून सेन्सरला काही दिसत नाही. हनुवटी जाड होते ते वेगळंच. अमोलेडवर अचानक उगवणारी हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ बहुधा पॅनल आणि त्याच्या लवचिक पट्टीच्या जोडापाशी बिघाड झाल्याचं लक्षण असते, आणि वारंवार तापणं त्या जोडाला मानवत नाही. वॉरंटी संपली असली तरी आधी कंपनीकडे जा. काही कंपन्यांनी अशा रेघेचे पडदे मोफत बदलून दिले आहेत. बाहेर उघडलेल्या फोनला ती सवलत नाकारली जाऊ शकते.

नव्या पेठेत फोन पाहायला जाल तर संध्याकाळी नको, दुपारी एकला जा. दुकानातल्या दिव्यात सगळेच पडदे सुंदर. उजळता ऑटोवर ठेवा, कारण हाय ब्राइटनेस मोड बहुतेक फोनांत तेव्हाच लागतो, हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढून नाही. पांढरं पान उघडा, फोन रस्त्यावर उन्हात आणा आणि दहा मिनिटं मोजा. पहिल्या आणि दहाव्या मिनिटाला शेजारी आपला जुना फोन धरून फोटो काढा. दुकानदार दहा मिनिटं उन्हात उभा राहायला तयार नसेल तर दुसरं दुकान.

आणि तोवर हातातल्या फोनवरच: बागेत जाताना डार्क मोड बंद ठेवा, काळ्या पार्श्वभूमीवर परावर्तन सगळ्यात जास्त दिसतं. जाड रबरी कव्हर दुपारपुरतं काढा. गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून नकाशा चालू ठेवू नका. चार्जिंगची, उन्हाची आणि पडद्याची उष्णता एकत्र आली की नवा असो वा जुना, कुठलाही फोन पडदा मंदच करणार.